यांचे पत्ते, माझी रमी

९ डिसेंबर, मंगळ.
यांले घेऊन नागपूरले गेलो. सासूबाई, दीर, मी. यांले पत्त्यांवर पैसे लावायचं व्यसन. डॉक्टर म्हणाले, ही बीमारी आहे, रागावू नका. सासूबाई रडल्या. येताना यांले खिडकीजवळ बसवलं, संत्री सोलून दिली. पांढुर्णा येईस्तोवर मी मोबाइलवर रमी खेळत होती. पैशाचीच. कोणाले शंका नाही. बाई मोबाइल पाहून राहिली म्हणजे रेसिपी असंन.

१४ डिसें., रवि.
हे खेळत तं मंडीमागं, चारचौघांत. चहा, हसणं, आरडाओरडा. मी मोरीच्या पायरीवर, आवाज बंद करून. जिंकली तरी काही वाटत नाही. हरली तरी नाही. डोकं तेवढं शांत होते. दूध उतू गेलं आज.

२० डिसें., शनि.
नणंदेचा सौसरहून फोन. लग्नात घालाले माझा गोफ पाहिजे. गोफ कुठं आहे? दिवाळीआधीच विकला, रमीत गेला. घरात सांगून टाकलं. वाटलं रडू येईन. आलं नाही.
हे म्हणे, "बाईमाणूस असून?"
मी म्हटलं, "मलेही त्याच डॉक्टरकडे न्या."
सासूबाई, "लोकांले काय सांगू? सून जुगार खेळते म्हणून?"
माझा मोबाइल कपाटात, कुलपात.

२७ डिसें., शनि.
मले जामसांवलीच्या मारुतीले नेलं. तिथं शेजारीण भेटली. सासूबाई तिले म्हणे, "हिचं डोकं दुखत राह्यते." मी मान हलवली. हात जोडून उभी होती तरी अंगठा आपोआप पानं सरकवून राहिला होता.

२ जाने.
पोरीच्या मोबाइलचा पासवर्ड चोरून पाह्यला. तिले समजलं. आता ती आंघोळीलेही मोबाइल सोबत नेते.

६ जाने., मंगळ.
यांची पुढली तारीख. दिराची संत्र्यांची तोडाई सुरू, सोबत मीच. दवाखान्याच्या खिडकीवर बाईनं नाव विचारलं. यांनी आपलं सांगितलं. मी म्हटलं, "अजून एक लिहा." माझं सांगितलं. तिनं वर पाह्यलंही नाही, वय विचारलं फक्त.
हे हळूच म्हणे, "घरी काय सांगशीन?"
"तुमचं काय सांगतो आपण?"
उठून बाहेर गेले. चहाले गेले का स्टेशनवर, माहीत नाही. परतीची तिकिटं त्यांच्याच खिशात. मी बाकावर लिहून राहिली.
आतून आडनाव पुकारलं. नुसतं आडनाव. दोघांपैकी कोण, ते विचारलं नाही मी. जाते