एसीचा खोकला

३ फेब्रुवारी २००८, रविवार, रात्री ९
आज आयुष्याला दिशा मिळाली. सरकारी दवाखान्यातल्या टीबी विभागाच्या मोना मॅडम माझ्या सायबर कॅफेत प्रिंट काढायला आल्या होत्या. त्यांची तक्रार अशी, की शिरोलीच्या फौंड्रीतली यूपी-बिहारची पोरं महिनोन् महिने खोकतात, पण थुंकी तपासायला येत नाहीत. मी सांगितलं, मॅडम, पोस्टरचा जमाना गेला. ऑर्कुट. त्या म्हणाल्या, करून बघा. म्हणजे जबाबदारी माझ्यावर सोपवली.
२४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन. उत्कृष्ट स्वयंसेवकाला शाल-श्रीफळ. शाल मरून रंगाची असावी, गोऱ्या माणसाला खुलते.
ऑर्कुटवर कम्युनिटी काढली: ‘खोकलामुक्त कोल्हापूर’. घोषवाक्यही मीच रचलं: तीन आठवडे खोकला? थुंकी तपासा, बिनधास्त.
टाईप करताना खोकल्याची उबळ. एसी कमी करायला हवा.

६ फेब्रुवारी
सदस्य चार. मी, पुण्याचा मेहुणा बसवेश, मीच दुसऱ्या नावाने, आणि ब्राझीलची एक मुलगी. आठवड्याच्या आत काम आंतरराष्ट्रीय पातळीवर गेलं.
फौंड्रीतलं अजून कुणी नाही. शिवलीलाने विचारलं, त्यांच्याकडे कॉम्प्युटर हाय का? बायकोला व्हिजन नाही.

११ फेब्रुवारी
फौंड्रीला सुट्टी. पोरांना पंधरा मिनिटं फुकट बसवलं आणि ऑर्कुट उघडून दिलं. सगळ्यांनी रेल्वेचं तिकीट बघितलं. मी माझ्या हिंदीत दटावलं, ऐसा नै करनेका, पैले खोकला देखो की. कुणाला काही कळलं नाही.
एकटा रामसनेही थांबला. बलियाकडचा, साच्यात लोखंड ओततो, खोकतो. थुंकी दिलीस तर तुला फेमस करतो, असं वचन दिलं. तो म्हणाला, आप भी चलिए, आप तो हमसे ज़्यादा खाँसते हैं. त्याला एसीचा खोकला आणि टीबीचा खोकला यांतला फरक समजावला. मला खोकायला लागल्यामुळे ते अर्धवट राहिलं.

१४ फेब्रुवारी
रामसनेहीने थुंकी दिली. पहिला विजय. कोल्हापुरात फ्लेक्स लागला नाही तर गोष्ट घडली असं कुणी मानत नाही. गुंडू प्रिंटरकडे गेलो. वाढदिवसाचं डिझाइन आमदारांच्या पुतण्यात गुंतलं होतं. दुसरं होतं, चारी बाजूंनी झेंडूचा हार, दोन कोपऱ्यांत तेवत्या समया. मला जरा शंका आली. गुंडू म्हणाला, पावणं, बॉर्डर कोण बघतंय, अक्षरं बदलतो की.
मजकूर: ‘श्री. रामसनेही यांचे थुंकी तपासणीबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: राजशेखर, सायबर कॅफेवाले.’ वर रामसनेहीचा फोटो, खाली मी, गॉगल, कानाला मोबाइल. मी थोडा मोठा आलोय, पण जागा होती.
नाक्यावर लावला. ऑर्कुटवरही टाकला. तिथं अक्षरं वाचता येत नाहीत, हार मात्र छान दिसतो.

१९ फेब्रुवारी
फ्लेक्सखाली गर्दी. चर्चाच चर्चा.
किरकोळ अडचण: रामसनेहीचे खोलीमालक गणपतराव यांनी त्याची वळकटी रस्त्यावर ठेवली. त्याच्या थुंकीत काहीही निघालेलं नाही, हे मी स्वतः जाऊन सांगितलं. ते म्हणाले, काय न्हाय तर मग बोर्डावर कशाला चढवलासा? या माणसाशी तर्काने बोलता येत नाही.
रामसनेही आता माझ्या तीन नंबरच्या केबिनमध्ये झोपतो. कॅफेला आपोआप वॉचमन मिळाला.
तपासणीला मात्र कुणीच गेलं नाही. आधी दोघं-तिघं तरी जायचे म्हणे. पोरं मला बघून रस्ता बदलतात. आदरापोटी असावं.

२१ फेब्रुवारी
शिवलीला आमच्या लेकीला, रक्षिताला घेऊन दुसऱ्या खोलीत झोपायला लागली. रुसवा. ती म्हणाली, तुमचंच घोषवाक्य एकदा आरशासमोर वाचा. वाचलं. चांगलं आहे.

२७ फेब्रुवारी
रामसनेहीचा थोरला भाऊ आला. टक्कल, डोळे सुजलेले. गावातल्या कुणीतरी बलियाच्या कॅफेत ऑर्कुटवर फ्लेक्सचा फोटो बघितला आणि घरी सांगितलं, तुमचा रामसनेही गेला. हार होता, समया होत्या. भावाने मुंडण केलं, गाडीत बसला, अस्थी न्यायला आला.
दारात रामसनेही झाडू मारत होता. भाऊ मटकन खाली बसला. मग उठून त्याला मिठी मारली. मग मला चपलेने मारलं. त्यांच्याकडे आनंद व्यक्त करायची तशी पद्धत असेल.
माझ्या फोनवरून गावी त्यांच्या आईला लावून दिलं. तिचा विश्वास बसेना. लहानपणी डब्यातून काय चोरून खायचास ते सांग, म्हणाली. तो म्हणाला, गूळ. मग दोन्हीकडून रडणं.
मी बाहेर जाऊन उभा राहिलो. फार वाईट वाटलं. त्यात एसीचा काही संबंध नव्हता.

३ मार्च
मोना मॅडम आल्या. पेशंटचं नाव आणि फोटो चौकात लावतात का, यावर बराच वेळ बोलल्या. फ्लेक्स उतरवला. गणपतरावांनाही त्यांनीच समजावलं, रामसनेही खोलीवर परत गेला. मी सारवासारव करत होतो, मध्येच उबळ आली ती थांबेना. मॅडमनी पर्समधून थुंकीची डबी काढून पुढ्यात ठेवली.
क्षणात कल्पना सुचली: नेत्याने स्वतः उदाहरण घालून द्यावं. पोरांना बोलावलं, सर्वांसमोर डबी उंच धरली. रामसनेहीने माझ्या मोबाइलवर फोटो काढला. शिवलीला म्हणाली, झालं एकदाचं.

७ मार्च
पॉझिटिव्ह. मॅडम म्हणाल्या, टू प्लस. मी विचारलं, किती पैकी? थ्री. म्हणजे तसे चांगले आहेत.
औषध फुकट, नेमाने घेतलं की बरं होतं. गोळ्या कुणाच्या तरी देखत गिळायच्या, मागाहून तोंड उघडून दाखवायचं. ते काम रामसनेहीने मागून घेतलं.
रक्षिता रोज शाळेतून येऊन एसीत माझ्या शेजारी बसायची. मीच बसवायचो. उद्या तिची आणि शिवलीलाची तपासणी. जेवण गेलं नाही.

१२ मार्च
रक्षिताला काही नाही. शिवलीलाला काही नाही. रक्षिताला काही नाही.
कॅफेचा एसी बंद. खिडक्या उघडल्या. समोर झाड आहे, हे आज कळलं.

२४ मार्च, सोमवार
कार्यक्रमाला गेलो नाही. अजून काही दिवस गर्दीत जायचं नाही, असं मॅडमनी सांगितलंय. शाल-श्रीफळ रामसनेहीला. शाल मरून.
फौंड्रीतली पोरं रांगेने थुंकी देऊन आली. कारण विचारलं तर म्हणाली, एसी में बैठनेवाले सेठ को हो सकता है, तो हमको क्यों नहीं?
संध्याकाळी कम्युनिटी उघडली. सदस्यच सदस्य. रामसनेहीने माझ्याच कॅफेत बसून सगळ्यांना सामील करून घेतलं. वर माझा डबीवाला फोटो. नुसता कसा टाकायचा म्हणून त्याने गुंडूकडून सजवून आणला होता. झेंडूचा हार. दोन समया.
खाली ब्राझीलच्या मुलीने रडका चेहरा टाकलाय. मी लिहिलं, मी आहे.
रात्री ८. गडहिंग्लजहून सासऱ्यांचा फोन. पुण्याहून बसवेशने फोटो बघून कळवलं होतं, सगळी मंडळी अंत्यविधीला निघून तिथल्या एसटी स्टँडवर आली होती. शिवलीलाने सांगितलं, आप्पा, जिवंत हायत. मग सासऱ्यांनी विचारलं, नक्की न्हवं?
तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, व्हय, खोकल्यात बघा आत्ताच.