डक्टवरचा पत्रा

१ डिसेंबर, लातूर
नवं घर. अकरावा मजला, सगळ्यांत वरचा. आईला दमा आहे. खालच्या धुळीतून सुटेल म्हणून वरचा फ्लॅट घेतला आणि तिला उदगीरहून आणलं. गॅलरीतून खाली डोकावून म्हणाली, इथून पडलं तर पोचेपर्यंत भूक लागेल. खूप दिवसांनी दोघी हसलो.

८ डिसेंबर
सकाळी दोघींचं डोकं दुखतं. शाळेत गेल्यावर माझं उतरतं. आई घरीच असते.
बाथरूमची खिडकी डक्टमध्ये, इमारतीतल्या उभ्या पोकळीत उघडते. खालच्या सगळ्या गॅस गिझरांचा धूर त्याच डक्टमध्ये. इमारतीत बहुतेक आमचेच लिंगायत लोक. आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय चहा नाही. म्हणजे सगळे गिझर एकदमच. गच्चीवर जाऊन पाहिलं. कबुतरं येतात म्हणून डक्टच्या तोंडावर पत्रा ठोकलाय.

११ डिसेंबर
सेक्रेटरी धोंडप्पांना भेटले. म्हणाले, म्याडम, तुम्ही लई विचार करायलात, थंडीचं कानाला बांधत जा. पत्रा काढायला मीटिंग लागते.

१५ डिसेंबर
दोन दिवस वारा होता, फटींतून डक्ट मोकळं होत होतं. डोकं शांत. आज वारा पडला, धुकं, पुन्हा तेच. थंडीत गरम धूर वर चढतो आणि पत्र्याखाली अडून आमच्या घरात शिरतो. डॉक्टर म्हणाले, गिझरच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो; नुसती गुंगी येते, मग माणूस उठत नाही.
हे सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. धोंडप्पांचं उत्तर : अकराव्या मजल्यानं घबराट पसरवू नये. खाली हसरे चेहरे.

१९ डिसेंबर
खिडकीला प्लास्टिक चिकटवलं. आईनं फाडलं. कोंडल्यासारखं होतं म्हणे. भांडलो.

२१ डिसेंबर
मीटिंग. माणसं पुरेशी आली नाहीत. पत्रा मीच उचकटणार होते. गच्चीला कुलूप. किल्ली धोंडप्पांकडे, धोंडप्पा लग्नाला निलंग्याला. उद्या आईला उदगीरला नेते. बॅग भरली.

२२ डिसेंबर, सोमवार
पान हलत नाही. डोळ्यांपुढे अंधारी. तशीच चल म्हटलं. म्हणाली, सोमवारी पारोशी निघू का. आंघोळीला आत गेली. कडी लावली. लावू नको म्हटलं होतं—

खाली सगळे गिझर चालू.

पलंगावर बसले ते उठवत नाही. लिहीत राहिले तर जागी—
हाक मारली. हो म्हणाली. बहुतेक.

पाणी वाहतंय. मघापासून. तांब्याचा आवाज नाही. आई