पांढरी चारचं घर

१ फेब्रुवारी, रविवार

घाबरू नका म्हणे! प्रार्थना संपल्यावर गाण्याचे नवे मास्तर सगळ्यांसमोर सासूबाईंना म्हणाले, "आजी, घाबरू नका. नव्या कागदावरून वाजवता आलं तर पेटी तुमचीच. नाहीच जमलं तर वार्षिक सभेला रेकॉर्डिंग लावू." सासूबाई हसल्या. त्या अशा हसल्या की समजावं, आत काहीतरी शिजतंय.

मास्तर वाईट नाहीत. नवी गाणी त्यांनी स्वतः बांधली आहेत, कॉम्प्युटरवर लिहून छापून देतात. शब्दांच्या वर इंग्रजी अक्षरं — कुठे कोणते तीन स्वर एकदम दाबायचे त्याची खूण. ते कॉर्ड म्हणतात. सासूबाई जुडी म्हणतात, भाजीची असते तशी. आजवर सगळी गाणी तोंडपाठ, कागद लागलाच नाही कधी.

ह्या घरात आल्यापासून प्रार्थनेला त्यांचीच पेटी ऐकत आले. देवासमोर रेकॉर्डिंग? बघतेच मी!

३ फेब्रुवारी, मंगळवार

म्हटलं, सात तर अक्षरं आहेत, दुपारची भांडी झाली की शिकवते. तर म्हणाल्या, "सात अक्षरं शिकायला मला काय धाड भरलीय? पण अक्षर बघून बोट हलत नाही गं. माझ्या जुड्यांना नावं आहेत."

मला पत्ताच नव्हता! गाणं ज्या जुडीवर येऊन विसावतं, ते घर. तिथून जरा मोकळं व्हायला जातं, ते अंगण. आणि जिथे ताटकळतं — आता आत ये बाई, असं म्हणावंसं वाटतं — तो उंबरा. उदास वाजते ती सांज.

"तेवढी नावं कागदावर आणून दे. मॅट्रिक झालीस ना?"

हा मॅट्रिकचा टोमणा काही शिळा होत नाही.

लेकीने मास्तरांकडून गाणी आणली, तोच प्रोग्राम तिच्या लॅपटॉपवर घातला. फुकट आहे म्हणाली. मग मी हात लावला.

४ फेब्रुवारी, बुधवार

देवाचं नाव घेऊन लॅपटॉपपुढे बसले. लेक म्हणाली, "आई, हळू! दार नाही ते, किती ठोठावतेस."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं! खुणेचा चेहरा बदलायची वेगळी खिडकी आहे. सी निवडला, त्याजागी 'घर' लिहिलं. आले काय, तर रिकामे चौकोन! त्या अक्षरांच्या साच्यात मराठीच नव्हतं. लेकीने साचा बदलून दिला. मग बटण दाबलं आणि गाण्यातल्या सगळ्या सींची एका दमात घरं झाली. एकदा सांगितलं की सगळीकडे ऐकतं. माणसं अशी असती तर!

तसंच एफचं अंगण केलं, जीचा उंबरा. सगळी गाणी जुन्या कागदांच्या कोऱ्या बाजूंवर छापली. सासूबाईंना म्हटलं, घ्या. तर घरातली छोटी पेटी माझ्यापुढे सरकवली. "आधी वाजवून बघ, कागद खरा की खोटा."

"मी?"

"माझा हात अवघडलाय आज. दाब तू. मी सांगते कुठे."

दाबलं. पहिलं गाणं घरी पोचलं तेव्हा अंगावर काटा आला. बाकीची बघायला वेळ कुठला — कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

८ फेब्रुवारी, रविवार

तोंड लपवायला जागा नाही.

तालमीत पहिलं गाणं बरं गेलं. सासूबाईंनी फार हळू वाजवलं, मला वाटलं नवं आहे म्हणून. दुसऱ्या गाण्याच्या पहिल्याच शब्दाला सूर कुठे, गाणारे कुठे! चार जणांनी चार वाटा धरल्या. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. सासूबाईंनी पेटीचं झाकण लावलं. म्हणाल्या, "डोळे गेले माझे. चूक माझी."

त्यांची नव्हती. कागदावर अंगण होतं, त्यांनी अंगण वाजवलं. तिथे हवं होतं घर.

पहिलं गाणं पांढरी एकमधलं, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीवरून, तीच सी. तिथे सी म्हणजे घर, बरोबर. दुसरं पांढरी चारमधलं. तिथलं घर म्हणजे एफ, आणि सी तिथे नुसता उंबरा. मी मात्र मशीनला कायमचं सांगून बसले होते की सी म्हणजे घर. त्याने ऐकलं. सगळी गाणी तशीच छापली. घराचं अंगण झालं, उंबऱ्यात बिऱ्हाड मांडलं!

मास्तर म्हणाले, पुढच्या तालमीत शेवटचं बघू.

त्या भर तालमीत आंधळ्या झाल्या, माझा कागद वाचवायला. वाटेत मी रडले, तर म्हणाल्या, "नाक पूस. अगं, घर म्हणजे का एक ठरलेली जागा? गाणं हललं की घर हलतं. तुझंच बघ — कुठली होतीस, कुठे नांदतेस."

९ फेब्रुवारी, सोमवार

हे म्हणाले, "सोड ना नाद. आईचं वय झालं. रेकॉर्डिंग लावलं म्हणून देव रागावत नाही." म्हटलं, देव नसेल, मी रागावते. भाजीत मीठ घालायचं राहिलं. मुद्दाम नाही. (देवा, थोडं मुद्दाम.)

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मास्तरांना स्वतः फोन केला. दुसऱ्या गाण्यात काय झालं ते सगळं सांगितलं, चूक माझी हेही. ते म्हणाले, "ताई, अक्षरांऐवजी आकड्यांत दाखवायची सोय आहे त्यात. गाणं कुठल्याही पट्टीत असो, मुक्कामाची कॉर्ड नेहमी एक." हे आधी विचारलं असतं तर! पण विचारायला लाज वाटली होती, आणि लाजेपायी सासूबाईंची लाज गेली.

अक्षरांचे मुखवटे काढून टाकले. आकड्यांना नावं दिली — एकला घर, चारला अंगण, पाचला उंबरा, सहाला सांज. मग छापायच्या आधी परीक्षा घेतली. दुसरं गाणं उचलून एक पट्टी वर चढवलं. सगळे स्वर हलले, आणि नाव जिथल्या तिथे! खाली आणलं, तरी घर ते घरच. हात जोडले, लॅपटॉपलाच. लेक हसून लोळली.

आता एकेक गाणं वाजवून बघितल्याशिवाय कागद बाहेर जाणार नाही. सासूबाई डोळे मिटून ऐकतात. "अंगणात पोचायला उशीर करतेस. बाजारात पाठवलं तरी तुझं हेच."

१५ फेब्रुवारी, रविवार

तालीम नाही. मास्तर तापाने पडलेत. फोनवर म्हणाले, "आता थेट सभेलाच. तुमच्या कागदावर विश्वास ठेवतो, ताई." रेकॉर्डिंगही तयार ठेवणार आहेत, हे पण म्हणाले.

मी सगळी गाणी पुन्हा पहिल्यापासून काढली. सासूबाई म्हणाल्या, "कागद काय बघतेस सारखी? नावं आता पाठ झाली की तुला."

१८ फेब्रुवारी, बुधवार

सासूबाईंच्या हातून कप पडला. म्हणाल्या, कपच निसरडा. घासून कोरडा मीच ठेवला होता. तुकडे गोळा केले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

जमाखर्च लिहायला बसले आणि बेरीज दोनदा चुकली. उद्या कागद खोटा ठरला तर त्या पुन्हा स्वतःवर घेतील. देवा, एवढं नको.

२२ फेब्रुवारी, रविवार

मास्तरांनी खूण केली. सासूबाई पेटीपाशी गेल्या, झाकण उघडलं, कागद नीट लावला. मी उलटायला बाजूला उभी. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मलाच पेटीपुढच्या बाकावर बसवलं.

कानाशी वाकल्या. "डोळे ठणठणीत आहेत माझे. ए बी सी डी पण येते. बोटं गेली गं."

मग मोठ्याने, सगळ्या सभेला ऐकू जाईल असं — "हं. घर."

मी दाबलं.