भट्टीवरचं आडनाव

७८६
दुबई, ६ मे १९६५

अब्बाजान यांस जमालचा अदबीचा सलाम. घरी सगळे खुशाल असाल.

जूनमध्ये हाफिजाचं नाव हायस्कुलात घालाल, तेव्हा माझ्या लेकीचं आडनाव शेख लावा. इथे फ्रेंच सर्व्हे कंपनीत मी स्टोअरचा क्लार्क, तरी 'भटारी' ऐकलं की बाकीचे विचारतात, पुलाव कधी? लग्नाच्या देगा ढवळणारं नाव पोरीच्या मागे नको. रागावू नका.

दुआ असू द्या.
जमाल

७८६
दाभोळ, २३ मे १९६५

चि. जमाल यास अनेक दुआ.

रागावलो नाही. चाळीस वर्षं देगा चढवल्या, त्याच धुरात तुझी मॅट्रिक झाली, तेवढं मनाला लागलं. पण लेक तुझी. सोमवारी, १४ जूनला, शेख लिहून येतो. डोळ्यांना पाणी येतं, म्हणून शेजारच्या कुलसुमकडून लिहवून घेतोय. धुराचंच असणार.

तब्येत सांभाळ.
तुझे अब्बा

७८६
दुबई, १३ जून १९६५

अब्बाजान, सलाम.

उद्या तुम्ही शाळेत जाल. आता तारही वेळेत पोचणार नाही, तरी लिहितो.

काल आमच्या कंपनीच्या फूर्निये साहेबाबरोबर इराण्याच्या तंदूरवर रोट्या आणायला गेलो. साहेब निखाऱ्यांकडे बघत उभाच राहिला. म्हणाला, फूर्निये म्हणजे भट्टी सांभाळणारा. पूर्वी त्यांच्या गावात जमीनदाराची एकच भट्टी असे, सगळ्यांनी मळलेली कणीक तिथेच आणायची. गावोगाव भट्टी, म्हणून गावोगाव फूर्निये, एकमेकांचे कोणी नसलेले. तीनशे वर्षांपूर्वी काही जण जहाजाने कॅनडाला गेले, आज तिथे हजारोंनी आहेत. कुठल्याही बंदरात उतरला की साहेब आधी टेलिफोनचं पुस्तक उघडून आपलं आडनाव शोधतो.

भट्टीवरच्या माणसांचं नाव एवढा दर्या ओलांडून गेलं, आणि त्यांनी ते टाकलं नाही. मी माझं आडनाव सांगितलं, तर साहेबाने टोपी काढून माझा हात धरला.

मी चुकलो, अब्बा. माफ करा.
जमाल

७८६
दाभोळ, ३० जून १९६५

चि. जमाल यास पोटभर दुआ.

शाळेत हेडमास्तरांनी मला पाहिलं आणि न विचारताच रजिस्टरात लिहिलं, हाफिजा जमाल भटारी. त्यांच्या भावाच्या लग्नात मीच रांधलं होतं. खोडा म्हणायला माझी जीभ रेटेना. तुझा शब्द मोडला म्हणून पंधरा दिवस तुला पत्र लिहायचं धाडस होत नव्हतं.

तुझं पत्र कुलसुमकडून तीनदा वाचून घेतलं. साहेबाला माझा सलाम सांग. आणि विचार, त्या हजारोंत अजून कोणी भट्टी पेटवतं का? नसेल, तर म्हणावं दाभोळला या. एक जण आहे अजून.

माया आहे ती राहू दे.
तुझे अब्बा, खैरुद्दीन भटारी