लुगडं उन्हात घातलं आहे

आई, तुझं हिरवं लुगडं तीन दिवसांपासून अंगणातल्या तारेवर आहे आणि आज दुपारपासून आभाळ भरून आलं आहे. आपल्या पाथर्डीकडचं आभाळ कसं भरतं आणि कसं न बरसता निघून जातं, हे तुला काय सांगायचं. पण आज ते जावं म्हणून मी ओसरीवर खुर्ची टाकून बसलो आहे आणि दर दोन ओळींनी मान वर करतो आहे. उद्या घरी बाळ यायचंय. माझ्या नातीची मुलगी, म्हणजे तुझी खापरपणती. दिवस भरायच्या आत आली, म्हणून नगरच्या दवाखान्यात नऊ दिवस काचेत ठेवली होती. त्यात कावीळ. आता बरी आहे म्हणतात, पण मूठभर जीव. नातीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज किती दिवसांनी हसरा होता. म्हणाली, "आजोबा, आपल्यात बाळाला आधी जुन्यातच गुंडाळतात ना? मग मला पणजीचं लुगडं पाहिजे. पेटीत आहे म्हणत होता ना तुम्ही?" मी लगेच हो म्हणालो. तू गेलीस तेव्हा ही जन्मलीही नव्हती. तुझं तिला दुसरं काय मिळणार?

तासाभराने पुन्हा फोन. या वेळी आवाज बारीक. दवाखान्यातल्या सिस्टरने तिला बजावलं होतं: जुनं सुती कापड चालेल, धुऊन उन्हात वाळवलेलं असावं, पण डांबरगोळ्यांत ठेवलेलं अजिबात नको. एवढ्याशा बाळाला तो वास बाधतो, रक्तावर जातो, कावीळ उलटू शकते. "तुम्ही गोळ्या नव्हत्या ना टाकल्या, आजोबा?" मी म्हणालो, "बघतो." आई, बघायचं काय होतं त्यात? तीस वर्षं त्या पेटीत गोळ्यांशिवाय मी दुसरं काही टाकलेलंच नाही.

तू कधी एक गोळी आणू दिली नाहीस. दिवाळी झाली की तू आणि अप्पा गाडीला बैल जुंपून ऊसतोडीला निघायचात, ते गुढीपाडव्याच्या आगेमागे परत. पाच-सहा महिने घराला कुलूप आणि मी मावशीकडे, शाळेसाठी. निघायच्या आधी तुझे चार दिवस त्या पत्र्याच्या पेटीत जात. कपडे ओढ्यावर धुवायचे, दोन दिवस कडक उन्हात घालायचे, आणि मग संध्याकाळी लगेच घडी नाही. आधी सावलीत गार करायचे. "ऊन पोटात घिऊन कापड पेटीत गेलं की त्याला आत घाम फुटतो," तू म्हणायचीस. मग सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला, हातात चुरला की कुरकुर वाजणारा, प्रत्येक घडीत एकेक मूठ. आणि कोपऱ्यात चिंधीत बांधलेलं वेखंड. परत आल्यावर तू पेटी उघडायचीस आणि आधी तोंड आत घालून वास घ्यायचीस. घर जागेवर आहे की नाही, हे तुला त्या वासावरून कळत असावं.

आणि ते पाचवीचं वर्ष. सुपात पाला वाळत घातला होता आणि मला राखण बसवलं होतं. मराठीच्या पुस्तकात पावसावरची एक कविता होती, गुरुजींनी चालीत शिकवलेली. डोळे मिटून, मांडीवर ताल धरून मी ती म्हणत बसलो. डोळे उघडले तर शेळीनं सूप चाटून पुसून ठेवलेलं, आणि माझ्याकडं अशी बघतेय जणू पुढचं कडवं म्हण. मी घाबरलो. झाडावर चढलो, हिरवा पाला ओरबाडला, तू गाडी भरण्यात गुंतलेली असताना घड्यांत कोंबला आणि झाकण लावून टाकलं. पाडव्याला तू पेटी उघडलीस आणि तोंड मागं घेतलंस. पाला काळा होऊन चिकटला होता. तुझ्या एकुलत्या एका चांगल्या लुगड्यावर, याच हिरव्यावर, वीतभर डाग.

मी मार खायला उभा राहिलो. तू पानाचा चिखल बोटानं काढत म्हणालीस, "पाला वला हुता, व्हय रं?" मी मान हलवली, शेळीचंही सांगून टाकलं. "मग सांगायचं न्हाईस? म्या दुसरा टाकला नसता का? न्हाईतर बिनपाल्याचंच ठिवलं असतं. शेळीनं खाल्लं त्याचं काय न्हाई ल्येका. तू झाकन लावलंस." एवढंच. आठ दिवसांनी मामाच्या लग्नात तू तेच लुगडं नेसलीस, डाग निऱ्यांत दडवून. तरी कुणा चौकस बाईनं विचारलंच. तू म्हणालीस, "आमच्या पेटीत लिंबाचं झाड उगवलं हुतं बया, त्याला पानी घालायला कुनी नव्हतं!" सगळ्या बाया हसल्या. मी मांडवाच्या खांबामागं उभा होतो, मला हसू आलं नाही.

तू गेल्यावर मी ते लुगडं पेटीत ठेवलं आणि दरवर्षी झाकण चार बोटं वर करून मूठभर गोळ्या आत फेकत आलो. बाहेर काढलं नाही, ऊन दाखवलं नाही. बायको असताना ती दसऱ्याच्या आधी म्हणायची, "घरादाराचे कपडे वाळवले, सासूबाईंचंच तेवढं कोंडून का?" मी काहीतरी पुटपुटायचो. खरं हे की मला वाटायचं, उन्हात घातलं तर तुझा वास उडून जाईल. कवितांनी माझं हे करून ठेवलंय. कवितेतल्या आईच्या पदराचा वास कधी जात नाही. पण कवितेत डांबरगोळ्याही नसतात, हे माझ्या ध्यानात यायला तीस वर्षं लागली.

परवा पेटी उघडली तेव्हा सून, नातीची आई, शेजारी उभी होती. एकदम पदर नाकाला लावून दारापर्यंत मागे गेली. "आई गं! मामा, अहो डोळ्यांत पाणी आलं माझ्या!" मीही नाक मुरडलं. नुसतं मुरडलं, आई. मला काहीच वास आला नव्हता. मागं ती तापाची मोठी साथ आली, त्यात माझी चव आणि वास गेला. चव परतली, वास नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सून भाजीला फोडणी देते तेव्हा तिखटानं घसा खवखवला की मी "वा, काय वास सुटलाय" म्हणतो. आधी हे नुसतं म्हातारपणाचं झाकणं होतं. पण सून शेतावर जाताना म्हणते, "मामा, शेगडीवर दूध आहे, करपल्याचा वास आला तर बंद करा." मी हो म्हणतो आणि ती वळली की पातेल्यासमोर स्टूल घेऊन बसतो, परीक्षेच्या पोरासारखा. आणि काल तिनं म्हटलं, "आता बाळ आलं की तुमच्या भरवशावर ठेवून जाता येईल थोडं." मी त्यालाही हो म्हणालो.

रिठे भिजवून लुगडं दोनदा धुतलं. उन्हात घातलं, उलटवलं, संध्याकाळी सावलीत गार केलं, तुझं सगळं आठवून आठवून. आज सकाळी सुनेला विचारलं, "गेला का गं वास?" ती अंगण झाडत होती. तिथूनच म्हणाली, "गेला, मामा." हातभर लांबून! मला बरं वाटावं म्हणून म्हणाली का? नातीला दिलेला शब्द तिलाही माहीत आहे. पुन्हा विचारलं तर ती म्हणणार, तुम्हीच बघा की हुंगून. आणि मी हुंगणार, आणि मान डोलावणार, आणि उद्या त्या मूठभर जिवाच्या तोंडाशी ते कापड जाणार. सकाळपासून मी चार वेळा तारेपाशी जाऊन पदरात तोंड खुपसून आलो. कापडाचा गारवा लागतो. दुसरं काही नाही.

मधे मी लिहिणं थांबवलं होतं. दोन थेंब पडले म्हणून सून धावत लुगडं काढायला आली. खांद्यावर घेऊन ओसरीवर चढली तेव्हा मी म्हणालो, "थांब. मला कशाचाच वास येत नाही. त्या साथीपासून." ती म्हणाली, "म्हणजे मागच्या महिन्यात शेंगदाणे जळून कोळसा झाले, तुम्ही शेजारीच बसला होतात..." "हो." "आणि ती फोडणी?" "हो." मला वाटलं आता चिडेल. ती जोत्यावर बसली आणि आधी हसली, मग हसता हसता डोळे पुसले. "काय हो मामा तुम्ही. पोरीला तुमच्यापाशी ठेवणार होते मी." मग तिनं लुगडं मांडीवर घेतलं, घडी उलगडली, नाक आत घालून कितीतरी वेळ तशीच राहिली. मान वर करून म्हणाली, "आहे, मामा. बारीक आहे, पण आहे. सकाळी मी उगाच म्हणाले."

मीच नातीला फोन केला. तीस वर्षं गोळ्यांत होतं, द्यायचं नाही, म्हणालो. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." बाळ उद्या सुनेच्या जुन्या सुती साडीत येईल. सून आत ती साडी फाडते आहे, टरटर आवाज इथवर येतो. हे पत्र वहीतच राहील, दुसरीकडे जायला त्याला जागा नाही.

एकच सांगायचं राहिलं. सून त्या लुगड्यात तोंड घालून बसली होती तेव्हा एक प्रश्न माझ्या ओठांवर आला होता: गोळ्यांच्या खाली, अगदी तळाशी, आणखी कुठला वास येतो का गं, माणसाचा? तिनं आज खरं तेच सांगितलं असतं. म्हणून मी विचारलं नाही, आई.