टेकड्यांची रांग

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा नकाशा छापून आला. आमच्या विभागप्रमुखांनी मासिक माझ्या टेबलावर ठेवलं आणि बहिणीचं अभिनंदन कळवायला सांगितलं. कळवते.

दोन वर्षं त्या ग्रहाची छायाचित्रं बघून आखलेला कच्चा नकाशा मी तुला पाठवला होता, नजर टाक म्हणून. छापायची घाई करू नकोस, म्हणालीस. मोठं विवर आधीचं, त्यात शिरलेला लाव्हा नंतरचा, आणि दोन्हींना चिरत गेलेली भेग सगळ्यांत तरुण, हा माझा क्रम तुझ्या लेखात वाचला. भेगेच्या काठाने टेकड्यांची रांगही तशीच. माझं नाव शोधलं. ते आभारात आहे, नकाशा रंगवणाऱ्याच्या खाली.

भाऊजींची कंबर कशी आहे? उत्तराची वाट बघते.

तुझी,
धाकटी

२० जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पत्र वाचल्यावर घास उतरेना. अगं, रुसतेस काय अशी? तुला या विषयात आणलं कुणी? आणि घरातल्या घरात कसलं आलंय तुझं-माझं! पुढच्या लेखात तुझं नाव पहिलं. तुझे भाऊजी आता चालताना मलाच मागे टाकतात.

एक काम होतं. त्या टेकड्यांवर कुणीतरी शंका काढली आहे. तू त्या कशावरून दाखवल्यास, तेवढं सविस्तर लिही. माझी बढतीची मुलाखत तोंडावर आली आहे, तिथे अडखळायला नको. राग सोड, वेडाबाई.

तुझीच,
ताई

२७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

त्या टेकड्या नाहीतच, खड्डे आहेत. त्या एका चित्रात ऊन खालच्या बाजूने पडलंय, आणि आपले डोळे ते वरूनच पडतं असं धरून चालतात. म्हणून खोल ते उंच दिसलं. चित्र उलटं धरलं की कळतं. मला ते नकाशा तुला धाडल्यावर उमगलं. तिथे काही वर उफाळलं नव्हतं, भेगेच्या काठची जमीन आत खचली होती. तू मूळ चित्र एकदाही उघडलं नाहीस, हे नाव गाळण्यापेक्षा जास्त लागलं.

ही चूक माझी, असं मी मासिकाला सहीनिशी कळवलंय. सोबत माझा कच्चा नकाशा आणि सुधारलेला, दोन्ही जोडलेत. तुला आधी सांगितलं असतं, तर तू फोन करून नुसतं चिमणे म्हणाली असतीस आणि मी ते पत्र फाडलं असतं. म्हणून ते पेटीत टाकून आले, मगच हे लिहायला बसले.

लोभ आटू देऊ नकोस. मी माझा आटवून पाहिला, जमलं नाही.

तुझी,
धाकटी