डाव्या बाजूचा ओठ

९ नोव्हें., रवि.
तुळशीची लग्नं उरकली, हळदी सुरू. काल कामोठ्याला पहिली. वरचा सूर लावायला गेलो आणि खालची कवळी सुटून थेट जिभेवर. दोनच दातांची, पण घशात गेली असती तर. ट्रंपेट खाली, रुमाल तोंडाला, खोकल्याचं नाटक. कुणाच्या लक्षात आलं नाही असं वाटलं. पांडूदादाच्या आलं. चुलतभाऊ माझा, बँड त्याचा. परत येताना टेम्पोत म्हणाला, "दात बशीव रं. नायतर कीबोर्डवाला आनावा लागंल." हसत म्हणाला. पण म्हणाला.

११ नोव्हें., मंगळ.
खारघरला दाताच्या डॉक्टरांकडे. बाई तरुण, आमच्या रोहितच्या वयाची. प्लास्टिकचा जबडा दाखवला. खाली डावीकडे जिथं दात नाहीत तिथं हाडात दोन स्क्रू. हाड त्यांना धरून बसलं की काही महिन्यांनी वर दात. निघणार नाहीत, हलणार नाहीत. म्हटलं, वाजवता येईल? "कवळीपेक्षा कितीतरी चांगलं." त्याच हाडातून एक नस जाते, ओठाची नि हनुवटीची जाणीव तिच्यावर, तिच्यापासून लांब राहू, असंही म्हणाल्या. मी मान डोलावली. खरं तर 'हाडात भोक' ऐकल्यावर पुढचं काही धड कानात शिरलंच नाही.
घरी येऊन मंदाला सगळं सांगितलं. "घाबरलाव काय?" छे, म्हटलं. तिने हात धरून बघितला. गार.

१३ नोव्हें., गुरु.
झालं. दुखलं नाही. पण ड्रिलचा आवाज कानावर येत नाही, डोक्याच्या कवटीतच घुमतो. मध्येच एकदा हनुवटीत वीज गेल्यासारखं सर्रकन झालं. हात वर केला. डॉ. थांबल्या, अजून भूल दिली. मग काही नाही.
संध्या. ओठ अजून बधिर. भूल उतरेल.

१४ नोव्हें., शुक्र.
उतरली नाही.
सका. चहा घेत होतो. मंदा म्हणाली, "अवो, शर्ट बघा." चहा हनुवटीवरून खाली ओघळलेला. गळ्याला कळला, हनुवटीला नाही. आरशात ओठ आपल्याच जागी, जरासा सुजलेला. बोट लावलं तर बोटाला ओठ लागतो, ओठाला बोट लागत नाही. दुसऱ्या कुणाचं मांस आणून चिकटवल्यासारखं.
क्लिनिक उघडायच्या आधीच दोघं दारात. डॉ.नी स्कॅन काढला. पडद्यावर एकच जागा मोठी करून पुन्हापुन्हा बघितली. मग खुर्ची माझ्याकडे वळवून सरळ सांगितलं. मागचा स्क्रू खोल गेलाय, नसेवर दाब येतोय. "माझा अंदाज चुकला, काका. तो आजच काढू. उशीर नको." पुढचा ठीक आहे, राहू दे.
काढला की ओठ येईल?
"बऱ्याच जणांचा येतो. आठवडे लागतात, कधी महिने. पूर्ण येईलच, असा शब्द मी देऊ शकत नाही."
बाहेर येऊन रोहितला ऐरोलीला ऑफिसात फोन. "पप्पा, त्याच बाईकडून परत? उठा तिथून. मी सुट्टी टाकतो, दुसरीकडे दाखवू." आणि इकडे उशीर नको म्हणतात. मंदाला विचारलं, काय करू. "ती लपवून ठेवती तर मीच उठवलं असतं तुमाला. लपवलं नाय ना? मंग बसा."
बसलो. काढला.

१७ नोव्हें., सोम.
गोळ्या चालू. कॉलेजच्या लॅबमधल्या नोकरीवर रजा टाकली, तिथं ॲसिडच्या बाटल्या हाताळायच्या, तोंडावर उडालं तर कळायचंही नाही. ओठ नाही. सारखा चिमटा काढून बघतो. मंदा ओरडते. काळानिळा झालाय तरी दुखत नाही. दुखू दे रे देवा, असं म्हणायची वेळ.

२२ नोव्हें., शनि.
दुपारी बोंबलाचं कालवण. घास चावता चावता तोंडात रक्ताची चव. मंदा किंचाळली, "अवो थांबा!" बोंबील केव्हाच गिळला होता, मी माझा ओठ चावत होतो. मोरीत जाऊन सगळं ओकलो. तिने बर्फ लावला. बर्फही कळला नाही. आता जेवताना आरसा समोर. स्वतःला खाताना बघायचं.

३० नोव्हें., रवि.
गावातच हळद. आमचा बँड, आणि मी खुर्चीत. पांडूदादाने कीबोर्डवाला आणलाच, उरणचा. वाईट वाजवत नाही. बायका नाचल्या. ट्रंपेट कुठंय, कुणी विचारलं नाही. नवरीचा मामा तेवढा म्हणाला, "काय मास्तर, आज सुट्टी?" मी हसलो. डावीकडे हसू पोचलं की नाही, माझं मलाच कळेना, म्हणून लगेच तोंड मिटलं.
पांडूदादा घरापर्यंत सोबत आला. "घाई करू नको," म्हणाला. नेहमी घाई कर म्हणणारा माणूस. त्यानेच जास्त धसका बसला.

८ डिसें., सोम.
डॉ.कडे. डोळे मिटायचे, त्या कापूस फिरवतात, लागला की सांगायचं. ओठाच्या मध्यापर्यंत लागला. पुढे डावीकडे जसा काही मी संपतोच. सुई टोचली, नाही. "मुंग्या? आपोआप काही सरकल्यासारखं? तसं झालं तर चांगलं लक्षण." नाही. नसांच्या मोठ्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली, जानेवारीत जायचं. निघताना म्हणाल्या, "मला झोप लागत नाही, काका." झोपा तुम्ही, म्हटलं. रिक्षात बसल्यावर राग आला. तिचा, की तिला झोपा म्हणणाऱ्या माझा, कळेना.

१४ डिसें., रवि.
फुंकायची अजून मनाई. नुसता माउथपीस ओठाला लावला. उजवीकडे गार पितळ, डावीकडे काहीच नाही. अर्धा माउथपीस हवेत. असा धरून सूर कसा लावणार? पिशवीत परत ठेवला. परवा चहा सांडला तर मी न बघताच हनुवटी पुसली, हात आपोआप गेला. म्हणजे सवय व्हायला लागली. त्याची भीती जास्त वाटते.

२१ डिसें., रवि.
मंदाने आता रोज सकाळी कापूस घ्यायला सुरुवात केलीय, डॉ. करतात तसं. आज पलंगावर समोर बसली. "मिटा डोले." मिटले. हनुवटीवर डावीकडे काहीतरी सरकलं. बारीक, मुंगीएवढं. "लागलं! मंदा, आत्ता लागलं!"
डोळे उघडले. कापूस तिच्या मांडीवर.
"मी अजून लावलाच नाय," म्हणाली.
मग आठवलं, डॉ. हेच विचारत होत्या ना, आपोआप काही सरकल्यासारखं? की लागावं लागावं म्हणून मलाच भास? डॉ.ना फोन लावला. रविवार, उचलला नाही.
मंदाला म्हटलं, परत कर. कधी लावतेस ते सांगू नकोस. डोळे मिटून बसलो. तिच्या बांगड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला.